दोन ग्राफिक्स कार्डं पाण्यावर थंड ठेवायची असतील तर

माझ्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये दोन आरटीएक्स ३०९० आहेत. काम मुख्यतः ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या रेंडरिंगचं, आणि हल्ली घरच्या घरी भाषा-मॉडेल चालवण्याचं. पहिला उन्हाळा ही दोन्ही कार्डं त्यांच्या मूळ पंख्यांवर काढली. आम्ही नागपूरचे, मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. खोलीत कूलर चालू असूनही वरचं कार्ड ८३ अंशांवर जाऊन अडायचं आणि त्याच्या मेमरीचा आकडा ११० ला टेकायचा. तिथे पोचलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. रात्री लावलेलं रेंडर आधी सकाळच्या चहापर्यंत व्हायचं, ते आता जेवणाची वेळ झाली तरी चालूच.

यात कार्डांचा दोष नाही, दोष त्यांच्यामधल्या फटीचा. दोन जाड कार्डं शेजारच्या खाचांत बसली की मध्ये जेमतेम बोटभर जागा उरते. वरच्या कार्डाचे पंखे खाली तोंड करून असतात, म्हणजे खालच्या कार्डाच्या पाठीवरून तापून आलेली हवाच ते ओढतात. त्यात ३०९० ची २४ जीबी मेमरी २४ चिपांत वाटलेली आहे, १२ पुढे आणि १२ पाठीमागे. पाठीमागच्या बारा चिपा नुसत्या एका धातूच्या पत्र्याच्या भरवशावर असतात. कॅबिनेटला आणखी चार पंखे लावून पाहिले, आवाज वाढला, आकडे दोन-तीन अंशांनीच हलले. उष्णता त्या फटीतून उचलून जिथे मोकळी हवा आहे तिथे नेऊन सोडायची, एवढंच काम पाण्याकडून करून घ्यायचं आहे. पंप पाणी फिरवतो, चिपेवर बसवलेला धातूचा पोकळ ठोकळा, म्हणजे वॉटर ब्लॉक, उष्णता पाण्यात उतरवतो, आणि पंखे लावलेला रेडिएटर ती हवेत सोडतो. तेवढ्याच घनफळात पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं, म्हणून हे जमतं.

खेळांसाठी दोन कार्डं लावण्याचे दिवस गेले. नवे खेळ दुसऱ्या कार्डाकडे बघतही नाहीत. हा लेख रेंडरिंग, सिम्युलेशन किंवा मॉडेल चालवणाऱ्यांसाठी आहे, ज्यांची दोन्ही कार्डं तासन् तास पूर्ण भारावर असतात.

आधी वही-पेन्सिल

एका ३०९० चा ठरलेला खप ३५० वॅट. दोन मिळून ७००. त्यात प्रोसेसरचे शंभर-दीडशे. हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन रेडिएटरमधून खोलीतच येणार, हे पहिल्या दिवशीच लक्षात घ्या. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे असा संगणक त्याची पाव ताकद एकटाच खातो. पाण्यामुळे कार्डं थंड राहतील, खोली नाही.

रेडिएटरचं माप पंख्यांवरून ठरतं. १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे साधारण १०० वॅट हा जुना आणि भरवशाचा अंदाज आहे. पंखे कानाला त्रास न देता फिरत असतील तर पाणी खोलीच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी गरम राहतं. ७०० वॅटला सात पंख्यांची जागा, म्हणजे एक ३६० चा (तीन पंखे) आणि एक ४८० चा (चार पंखे) रेडिएटर. १४० चे पंखे बसत असतील तर आणखी चांगलं, कारण १४० चं क्षेत्रफळ १२० पेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरतं. एकाच ३६० वर दोन ३०९० चालवलेलं मी पाहिलं आहे. चालतात, पण पंखे इतके जोरात फिरवावे लागतात की मूळ पंखेच बरे वाटावेत.

आणि पाणी कधीही खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. खोलीत ३६ अंश असतील तर पाणी ४७–४८ वर, आणि चिप त्याच्या वर दहा-पंधरा अंश. या एका गणितातून दोन गोष्टी निघतात. एक, विदर्भ-मराठवाड्यात रेडिएटर घेताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवायचा, डिसेंबर नाही. दुसरी कोकण-मुंबईकरांसाठी: दमट हवेमुळे नळ्यांवर दव जमेल का, ही भीती मनातून काढून टाका. दव हवेपेक्षा थंड पृष्ठभागावर जमतं, आणि इथे पाणी नेहमी हवेपेक्षा गरमच असतं.

सगळ्यात स्वस्त थंडावा मात्र रेडिएटरच्या आधी मिळतो. कार्डाची वीजमर्यादा ३५० वरून २८०–३०० वॅटवर आणा. विंडोजवर आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी सरकवायची, लिनक्सवर एनव्हिडिया-एसएमआयची एक आज्ञा. कामाचा वेग अगदी थोडा कमी होतो आणि दोन्ही कार्डांचं मिळून निदान १०० वॅटचं ओझं उतरतं. मी दोन्ही कार्डं ३०० वर ठेवली आहेत आणि पुढचे सगळे आकडे त्याच हिशेबाने दिले आहेत.

वीज

ज्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात तो हा. ३०९० क्षणार्धासाठी ठरलेल्या खपाच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि दोन्ही कार्डांनी एकदम उसळी मारली की कमी ताकदीचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सगळं बंद करून मोकळा होतो. १२०० वॅटच्या खाली जाऊ नका, मर्यादा न लावता ३५० वर चालवायचं असेल तर १६०० घ्या. कार्डाच्या प्रत्येक आठ पिनांच्या जागेला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या, एका केबलची दोन टोकं वापरू नका.

घरातला साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. कागदावर बसतं, पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर मॉनिटर, स्पीकर आणि उन्हाळ्यात कूलर असतो. संगणकाला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट द्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. पाणी आणि वीज एका डब्यात ठेवणार आहात, अर्थिंग नसलेल्या घरात हा उद्योग करू नका. यूपीएस लावणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा. साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर आजचे बरेच एसएमपीएस बंद पडतात. यूपीएस नसताना वीज गेली तर मात्र काळजी नाही, पंप थांबतो तेव्हा कार्डंही थांबलेली असतात.

सामान घेताना

वॉटर ब्लॉक कार्डाच्या बोर्डाप्रमाणे घ्यावा लागतो, कार्डाच्या नावाप्रमाणे नाही. एकाच चिपची कार्डं दहा कंपन्या विकतात आणि प्रत्येकीच्या बोर्डावर चिपा, कॉइल, कपॅसिटर वेगळ्या जागी असतात. एनव्हिडियाच्या स्वतःच्या फाउंडर्स एडिशनचा बोर्ड तर आकारानेच निराळा आहे. ब्लॉक बनवणाऱ्यांच्या यादीत आपल्या कार्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक शोधा, आणि यादी काहीही म्हणत असली तरी उघड्या बोर्डाचा फोटो ब्लॉकच्या चित्राशेजारी ठेवून स्क्रूंची भोकं मोजा. दोन्ही कार्डं एकाच मॉडेलची असतील तर दोन्ही ब्लॉक एका ओळीत येतात आणि मधली जोडणी सोपी होते. जुनी कार्डं घेताना मी म्हणूनच थोडे पैसे जास्त मोजून जोडी एकसारखी घेतली.

धातूंबाबत एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात. त्यात ॲल्युमिनियम आलं की तेच पाणी बॅटरीसारखं वागतं आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. बाजारात स्वस्त ॲल्युमिनियमचे रेडिएटर भरपूर आहेत, दिसायलाही सारखेच. विकणारा ‘चालतं हो’ म्हणाला तरी घेऊ नका. आतले मार्ग तांब्याचे आहेत असं वर्णनात स्पष्ट लिहिलेलं हवं.

पंप डी५ जातीचा घ्या. १२ व्होल्टवर चालतो, पूर्ण वेगाने वीसेक वॅट खातो, आणि दोन ब्लॉक व दोन रेडिएटरमधून मिनिटाला तीन-साडेतीन लिटर पाणी आरामात फिरवतो. टाकी आणि पंप एकत्र असलेला संच घेतला तर दोन सांधे कमी होतात. पंपाची वीज थेट एसएमपीएसमधून घ्या, मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनांना हा भार झेपत नाही. पंपाची वेग सांगणारी पातळ वायर मात्र मदरबोर्डवर सीपीयू फॅनच्या जागी लावा. पंप थांबला तर बोर्डाला कळतं आणि तो ओरडतो.

नळ्या पहिल्या वेळी मऊच घ्या. कडक नळ्या दिसतात सुंदर, पण त्या तापवून वाकवाव्या लागतात आणि कार्ड काढायचं झालं की सगळं सोडवावं लागतं. मऊमध्येही पारदर्शक पीव्हीसीपेक्षा काळी ईपीडीएम रबराची नळी मला पसंत आहे. पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं द्रव्य वर्ष-दोन वर्षांत पाण्यात उतरतं, नळी दुधाळ होते आणि तो चिकट थर ब्लॉकच्या बारीक फटींत जाऊन बसतो. मी १०/१६ ची नळी वापरली, आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर. जाड भिंतीमुळे ती वळणावर दुमडत नाही. फिटिंग त्याच मापाचे हवेत. त्यांचे आटे जी-१/४ असतात आणि ते सगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात.

आता पाणी. नळाचं नाही, बोअरचं नाही, आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात क्षार उरतातच आणि ते ब्लॉकच्या केसाएवढ्या फटींत साचतात. पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी चांगलं असेलही, पण प्रत्येक कॅनची खात्री देता येत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक असलेलं तीव्र द्रावण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा, किंवा सरळ तयार कूलंट घ्या. रंग हवाच असेल तर पारदर्शक रंग. दुधासारखे अपारदर्शक कूलंट फोटोसाठी ठीक आहेत, रोजच्या कामात त्यांचा गाळ खाली बसतो. दोन मोठ्या रेडिएटरांसकट सव्वा-दीड लिटर लागतं, दोन लिटर घेऊन ठेवा.

याशिवाय न विसरण्याच्या तीन छोट्या वस्तू: सर्वांत खालच्या जागी लावायचा एक बॉल व्हॉल्व्ह, पाण्याचं तापमान मोजणारा एक सेन्सर, आणि गळती तपासायचा हातपंप. हातपंपाची किंमत बघून मी पहिल्या वेळी तो टाळला होता. पुढे सांगतोच.

कार्ड उघडणं

उघडण्याआधी दोन्ही कार्डं हवेवर एक-एक दिवस चालवून बघा. दोष असलेलं कार्ड ब्लॉक लावल्यावर सापडलं तर चूक तुमची की त्याची, हे कधीच कळत नाही. आकडे लिहून ठेवा: चिप, हॉटस्पॉट (चिपेवरची सगळ्यात गरम जागा), मेमरी. तिन्ही एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. कार्ड उघडलं की वॉरंटी जाऊ शकते, तेही आधी विचारून घ्या.

टेबलावर जुना सुती टॉवेल पसरा. कार्ड पालथं ठेवून मागचे स्क्रू काढा आणि काढल्या जागेप्रमाणे कागदावर चित्र काढून त्यावर चिकटवत जा, कारण त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. मधले चार स्प्रिंगचे स्क्रू शेवटी. कार्डाचा मूळ पंख्यांचा कूलर सहज सुटला नाही तर ओढू नका. कार्ड दहा मिनिटं चालवून गरम केलेलं असेल तर चिप आणि कूलर यांच्यामधली जुनी पेस्ट मऊ पडते. हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, सुटेल. सुटला की लगेच उचलू नका, पंख्यांच्या बारीक वायरी अजून बोर्डाला जोडलेल्या असतात.

माझं एक कार्ड आधीच्या मालकाकडे वर्षभर अखंड चाललेलं होतं. त्याचे थर्मल पॅड (चिपांची उष्णता धातूपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बोटाने उचलायला गेलो तर ओल्या खडूसारखे तुकडे पडले, आणि त्यांतून सुटलेलं तेल बोर्डभर पसरलेलं. असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना मऊ टूथब्रश, आणि धीर. चिपेवरची जुनी पेस्ट कॉफी फिल्टरच्या कागदाने किंवा चष्म्याच्या कापडाने पुसा, कापूस वापरू नका, त्याचे धागे मागे राहतात. बोर्ड पूर्ण कोरडा होईपर्यंत अर्धा तास थांबा.

आता पॅड. ब्लॉकसोबत आलेल्या कागदावर कुठे १ मिलिमीटर, कुठे दीड, कुठे २, हे दिलेलं असतं. ते अक्षरशः पाळा. पॅड जाड पडला तर ब्लॉक मधल्या मुख्य चिपेवर टेकतच नाही आणि पातळ पडला तर मेमरी ब्लॉकला न टेकता राहते. दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक काढलेत का, हे प्रत्येक पॅडला विचारा. चिपेवर पेस्ट लावताना प्रोसेसरसारखा एक थेंब ठेवून भागत नाही. चिप उघडी असते आणि एक कोपरा कोरडा राहिला तरी हॉटस्पॉट उसळतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने पातळ थर सगळीकडे पसरा.

ब्लॉक वरून सरळ खाली ठेवा. चारी स्क्रू आधी दोन-दोन आट्यांवर धरा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना पाळीपाळीने थोडं थोडं आवळा. हात थांबतो तिथे थांबा. मग बोर्डाच्या कडेने टॉर्च मारून बघा. पॅड दोन्हीकडे टेकलेले दिसले पाहिजेत. पहिल्या कार्डाच्या वेळी मी ब्लॉक लावून, परत काढून पॅडवरचे ठसे बघितले. प्रत्येक चिपेचा चौकोन स्पष्ट उमटलेला होता तेव्हा समाधान झालं. पेस्ट पुन्हा लावावी लागते, पण ही तपासणी करण्यासारखी आहे.

पाठीमागच्या बारा चिपांना विसरू नका. मागच्या पत्र्याखालीही पॅड लागतात. पाण्याने थंड होणारा मागचा पत्रा मिळत असेल आणि खिशाला परवडत असेल तर घ्या. मी नुसत्या पत्र्यावर ॲल्युमिनियमच्या छोट्या हीटसिंक चिकटवल्या (इथे पाण्याशी संबंध नाही, म्हणून ॲल्युमिनियम चालतं) आणि त्यांच्यावर एक १२० चा पंखा सोडला. आता कार्डं पातळ झाल्यामुळे मध्ये हवा खेळायला जागा उरते, आणि तो पंखा खरंच काम करतो.

जोडणी, आणि क्रमाचा वाद

नवे रेडिएटर आधी धुवा. आत झाळकामाची पावडर आणि कारखान्यातली घाण असते. गरम डिस्टिल्ड पाणी अर्धं भरायचं, भोकं बंद करून दोन मिनिटं खळखळून हलवायचं, पांढऱ्या भांड्यात ओतून बघायचं. माझ्या ४८० मधून पहिल्या दोन वेळा काळे कण पडले, पाचव्या वेळी पाणी स्वच्छ आलं. हे कण ब्लॉकमध्ये गेले असते तर तिथेच बसले असते.

पाणी आधी कुठे जावं, यावर लोक तासन् तास वाद घालतात. आकडा बघा. मिनिटाला साडेतीन लिटर पाणी वाहत असताना मर्यादा न लावलेलं ३५० वॅटचं कार्डसुद्धा ते पाणी साधारण दीड अंशानेच तापवतं. म्हणजे पहिल्या कार्डातून निघालेलं पाणी दुसऱ्या कार्डाला दीड अंश गरम मिळतं, बस. दोन कार्डांच्या मध्ये रेडिएटर घालण्यासाठी नळ्यांचं जाळं करू नका. नळी जिकडून सरळ आणि आखूड जाईल तो क्रम बरोबर. पाळायचं फक्त एक: टाकी पंपाच्या वर आणि त्याला लागून, म्हणजे पंपाला कधी हवा ओढावी लागणार नाही.

दोन कार्डांमधली जोडणी एकापाठोपाठ एक करता येते किंवा समांतर. एकापाठोपाठ केली तर सगळं पाणी दोन्ही ब्लॉकांतून जातं. समांतर केली तर पाणी वाटलं जातं, अडथळा कमी होतो, पण ब्लॉक एकसारखे नसतील तर एकाला जास्त पाणी आणि दुसऱ्याला कमी मिळतं. एकसारख्या जोडीला दोन्ही चालतात, तापमानात फरक जेमतेम पडतो. मी एकापाठोपाठ ठेवली. एका कार्डाचा मार्ग अर्धवट तुंबला तर पाणी दोन्हीकडे सारखंच कमी होतं आणि ते लगेच लक्षात येतं. समांतर जोडणीत एक ब्लॉक हळूहळू तुंबत असतो आणि दुसरा ते झाकून ठेवतो.

कार्डं आधी मदरबोर्डवर बसवून मगच त्यांच्यामधलं अंतर मोजा. एनव्हीलिंकचा पूल (दोन कार्डं थेट एकमेकांना जोडणारा तुकडा) लावणार असाल तर ३०९० साठी तो ठरावीक तीन किंवा चार खाचांच्या अंतराचाच मिळतो, म्हणजे बोर्ड घेतानाच हे बघायला हवं होतं. नळी धारदार कटरने काटकोनात कापा. तिरकं टोक फिटिंगच्या आत एका बाजूने अधांतरी राहतं. फिटिंग हाताने घट्ट करा, पकडीने नाही. पाणी अडवण्याचं काम आतली रबरी ओ-रिंग करते, आट्यांचा त्यात वाटा नाही. टेफ्लॉन टेप तर अजिबात नको, तिचे तुकडे सुटून पाण्यात फिरतात.

गळतीची चाचणी

पहिल्या वेळी हातपंप नव्हता, म्हणून थेट पाणी भरलं. प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिश्यू पेपर अंथरला होता. पंप चालू करून टॉर्च घेऊन बसलो. तासाभराने वरच्या कार्डाच्या बाहेरच्या फिटिंगखाली कागदावर टिकलीएवढा गोल ओला डाग दिसला. बोटाने चाचपलं, फिटिंग घट्ट होतं. उलगडल्यावर दिसलं की ओ-रिंग एका जागी चिरडून आट्यांत गेली होती. तिथे बोटं पोचत नव्हती म्हणून मी पकड वापरली होती, त्याचा हा परिणाम. कार्डाला वीज दिलेली नव्हती, म्हणून ते वाचलं.

डिस्टिल्ड पाणी वीज वाहून नेत नाही, म्हणून गळलं तरी बिघडत नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. बाटलीत असेपर्यंत ते खरं आहे. तांबं-निकेलमधून फिरल्यावर आणि बोर्डावरच्या धुळीत पडल्यावर ते वीज वाहून नेतं.

म्हणून आता माझा क्रम असा. कोरड्या जोडणीत हातपंपाने अर्धा बार हवा भरायची, त्याहून जास्त नाही, टाकीच्या काचेला ते सोसत नाही. अर्धा तास काटा बघायचा. काटा जागचा हलला नाही तर पुढे. हलला तर सांधे एकेक करून वेगळे काढायचे, साबणाचं पाणी लावत बसायचं नाही.

मग पाणी, आणि वीज फक्त पंपाला. एसएमपीएसमधून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि कार्डांच्या सगळ्या केबली काढून ठेवा. २४ पिनांच्या टोकावर लावायचा तयार जंपर प्लग मिळतो, तो लावला की मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू होतो. टाकी भरा, एसएमपीएसचं मागचं बटण चालू करा, पाणी खाली गेलं की लगेच बंद. परत भरा, परत चालू. डी५ पंप कोरडा चालला तर त्याचा आतला आधार घासतो, म्हणून टाकीत पाणी दिसत असतानाच तो फिरला पाहिजे. असं आठ-दहा वेळा केलं की सगळीकडे पाणी पोचतं.

पाणी पोचलं, तरी हवा आत असतेच. पंपातून खडखड येते, ब्लॉकच्या काचेतून बुडबुडे धावताना दिसतात. कॅबिनेट दोन्ही हातांनी धरून पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सावकाश कलता करा. प्रत्येक वेळी रेडिएटरच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांचा एक लोंढा टाकीत येतो आणि पाण्याची पातळी उतरते. पंप रात्रभर चालू ठेवा. सकाळी टिश्यू कोरडे असतील, आणि पंपाचा आवाज कान लावल्याशिवाय ऐकू येत नसेल, तर केबली जोडा.

पहिला दिवस

एक कार्ड आधी, मग दुसरं, मग दोन्ही एकदम. दोन्ही पूर्ण भारावर अर्धा तास चालू द्या, कारण सव्वा लिटर पाणी तापून स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे बघून खूश होऊ नका.

बघायचं ते असं. पाणी आणि चिप यांतला फरक दहा ते पंधरा अंश असला तर ब्लॉक नीट बसला. हॉटस्पॉट चिपेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असतोच, पण पंचवीसच्या पुढे गेला तर पेस्ट किंवा दाब चुकला आहे, उघडावंच लागेल. दोन्ही कार्डांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर जास्त तापणाऱ्या कार्डाचा ब्लॉक संशयित धरा, पाण्याच्या क्रमाला दोष देऊ नका. गेल्या मे महिन्यात माझ्या खोलीत ३४ अंश असताना पाणी ४६ वर, चिपा ५७–५८ वर आणि पाठीमागची मेमरी ८० च्या थोडी वर होती. त्याच खोलीत पूर्वी ११० बघितलेले आहेत.

पंख्यांचा वेग चिपेच्या तापमानावर ठेवू नका. चिप क्षणात दहा अंश चढते-उतरते आणि पंखे उगाच घोंघावत राहतात. पाण्याच्या सेन्सरची दोन पिनांची वायर मदरबोर्डवर लावा आणि पंखे त्या आकड्याशी बांधा. पाणी ३५ ला मंद, ४५ ला मध्यम, ५० ला पूर्ण. पाणी ६० पर्यंत जाऊ देऊ नका. त्याच्या पुढे पंप आणि नळ्या दोन्हींचं आयुष्य कमी होतं.

पुढची वर्षं

दर महिन्याला रेडिएटरपुढच्या जाळ्या धुवायच्या. आमच्याकडे उन्हाळी धूळ इतकी बारीक असते की जाळीतूनही आत जाते, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत रेडिएटरच्या फिनांतून ब्लोअर फिरवतो, पंखे हाताने धरून, नाहीतर ते हवेच्या जोराने सुसाट फिरतात. टाकीची पातळी दर महिन्याला थोडी उतरते, नळ्यांतून पाणी अगदी हळू झिरपून उडत असतं. बोटभर उतरली तर भर घाला. एकाएकी उतरली तर टिश्यू पेपर घेऊन खाली वाका.

कूलंट वर्षाने बदलायचं. खालच्या बॉल व्हॉल्व्हला नळी लावून बादलीत सोडा आणि टाकीचं वरचं झाकण उघडा, नाहीतर पाणी निघत नाही. काढलेलं पाणी पांढऱ्या भांड्यात बघा. हिरवट झाक किंवा तरंगणारे धागे दिसले तर ब्लॉक उघडून मऊ ब्रशने फिनांमधून हात फिरवावा लागेल. स्वच्छ असेल तर डिस्टिल्ड पाण्याने एकदा खंगाळून नवं भरायचं.

मी दुसऱ्या वर्षी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंना चटकन सुटणारे, आतून आपोआप बंद होणारे जोड लावले. प्रवाह थोडा कमी होतो, पण एखादं कार्ड दुरुस्तीला द्यायचं झालं तर चार चमचे पाणीसुद्धा सांडत नाही. जोड सोडवायचे, कार्ड ब्लॉकसकट उचलायचं, उरलेली दोन टोकं एकमेकांत जोडायची आणि दुसऱ्या कार्डावर काम चालू ठेवायचं. कार्ड परत आलं की टाकी थोडी वर भरून, सांध्यांखाली टिश्यू अंथरून, रात्रभर फक्त पंप.